हवा खेळती ठेवा

गिऱ्हाईक काउंटरवर पान आणून ठेवतं,
पिशवीतून, रुमालातून,
एकदा तर पाकिटातून, नोटांच्या मध्ये जपून.
मी ते उलटं करतो, उजेडाकडे धरतो
आणि भुरी की डावणी ते सांगतो.
बारा वर्षं झाली दिंडोरी नाक्यावर.
माझं सहसा चुकत नाही.

ठकूच्या जांघेत लाल चट्टा उठला
तेव्हा मी म्हणालो, घामोळं असेल.

जानेवारीत. नाशकात. घामोळं.
स्वरूपाने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मग खोबरेल. मग पावडर.
मग बोरस्ते वहिनींची जाड पांढरी क्रीम,
ती लंगोटाला अशी बसली
की नळाखाली धरला तर थेंब
अळूच्या पानावरून जावा तसा घरंगळायचा.
कापडानेही पाणी घ्यायचं सोडलं.

कापडीच वापरायचे, हे टुमणं माझं.
सकाळी घंटागाडी यायची आणि त्या फुगलेल्या गाठोड्यांची
मला लाज वाटायची, एवढंच कारण.
बाकीची तत्त्वं मी नंतर जमवली.

म्हसरूळचं धुकं दहापर्यंत हटत नाही,
चांभारलेणीचा डोंगर असतो की नसतो कळत नाही.
दोरीवर वीस लंगोट.
थंडीत बोटं खोटं बोलतात हो,
गार लागतंय की ओलं, सांगत नाहीत.
मी वाळले म्हणून घड्या घातल्या.
घड्यांवर घड्या, कपाटात, दार लावून.

दहाव्या दिवशी चट्टा सांध्याच्या आत उतरला,
लालभडक, चकाकता,
आणि कडेबाहेर सुटे ठिपके, मोहरीएवढे.
हे ठिपके मी ओळखायला हवे होते.
शू झाली की ती अशी किंचाळायची
की खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद व्हायचा.

डॉक्टर शिरोडे नीट वाकलेही नाहीत.
"बुरशी आहे," म्हणाले. "तुम्ही काय करता?"
शेतीची औषधं विकतो.
"कसली?"
मी ठकूचे मोजे नीट केले.
बुरशीनाशकं, म्हणालो.

स्वरूपा कॅनडा कॉर्नरपासून मखमलाबाद नाक्यापर्यंत
रिक्षात हसत होती.
रिक्षावाला दोनदा आरशात बघून गेला.
नाक्यानंतर ती गप्प झाली
आणि माझ्या खांद्यावर तिचं डोकं आलं,
दहा दिवसांचं जागं, जड.

मलम पातळ, दोन वेळा. पावडर बंद.
लंगोट उकळत्या पाण्यात, साबण निघेपर्यंत खळबळून,
क्रीम बसलेले चार सरळ फरशी पुसायला.
आणि दुपारी तासभर ठकू उघडी,
गॅलरीतल्या उन्हाच्या पट्ट्यात, पालथी,
पट्टा सरकला की आम्ही चादरीसकट तिला सरकवायचो.
तिने दोनदा चादर भिजवली. तिसऱ्यांदा मला.

"पानं विरळ करा काका,
घडापाशी हवा खेळती ठेवा,
नुसतं फवारून काय होतं?"
हे मी खेडगावच्या गटकळांना
प्रत्येक हंगामात सांगतो. तोंडपाठ आहे.
घडाचं ठाऊक होतं.
घडीचं कुणी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी लाली फिकी झाली.
स्वरूपा म्हणाली, थांबवू या का मलम?
मी म्हणालो, दिसेना म्हणजे गेली असं नसतं.
हे तरी मला येत होतं.

आता गंधकाचे हात कोपरापर्यंत तीनदा धुऊन
मी गच्चीवर जातो,
एकेक लंगोट गालाला लावून बघतो.
गाल खोटं बोलत नाही.

काल गटकळ काका पान घेऊन आले.
मी उलटं केलं, उजेडाकडे धरलं,
आणि, काय झालं कुणास ठाऊक,
गालाला लावलं.

काका चष्म्यावरून बघत राहिले.
"काय ओ," म्हणाले,
"मुका घेता का काय रोगाचा?"