अंगण वाकडं

चोर्लीत राहायचं तर तीन गोष्टींवर मत हवं,
असं डोरीन म्हणते: केक, कालवा आणि कौन्सिल.
माझी तेरा आहेत. मोजून ठेवलीत.

पहिलं म्हणजे आमचा केक त्या एक्लसच्या केकपेक्षा चांगला.
वर साखर नाही, दिखावा नाही,
आत काळ्या मनुका गच्च, माझ्या आत्याच्या करंजीसारखा,
बाहेरून रुसलेला, आतून भरलेला.
लोणी लावून खावा. गरम करू नये.
गरम करणाऱ्यांशी मी बोलते, पण बेतानं.

वाचनालय बुधवारी बंद ठेवणं हा गाढवपणा आहे.
बुधवारीच तर माणसाला वाचावंसं वाटतं.
पत्र लिहिलं. उत्तर आलं, नुसतेच आभार.
मी त्या आभारांबद्दल दुसरं पत्र लिहिलं.

कालव्यावर सायकलवाल्यांनी घंटी वाजवावी.
बदकांना पाव नको, वाटाणे घाला.
झाली चार. बाकीची बोल्टनच्या बसमध्ये सांगेन,
ती उशिरा येते, त्यावरही एक आहे.

मंगळवारची दुपार मात्र मताबितात बसत नाही.
मंगळवारी मी हिरवळीवर असते, जुन्या विणकर क्लबाच्या मागे,
गोळे घेऊन, सपाट बुटांत.
ती हिरवळ मधे उंच, कडेला उतरती,
परात पालथी घालावी तशी.
गोळाही सरळमार्गी नाही. एका अंगानं जड,
मनात अढी धरलेल्या पाहुण्यासारखा
निघताना नीट निघतो, जाता जाता वळतो.
तीस वर्षं हॉस्पिटलात मी लोकांचं रक्त
काचपट्टीवर सपाट पसरलं.
इथे काहीच सपाट नाही. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पहिल्या दिवशी माझा गोळा थेट चरात.
मी स्वतःशीच म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.
केनेथनं विचारलं, काय?
सांगितलं समजावून.
तो कमरेत वाकून हिरवळीकडे बघत राहिला,
मग अगदी गंभीरपणे म्हणाला,
पण ते आहेच की वाकडं.

त्या म्हणीतल्या बाईची बाजू
माझ्या साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी घेतली होती.

आडनाव टिपणीस, तेव्हा गुणांचा फळा ओघानंच माझ्याकडे.
ऑगस्टात लेलंडचा संघ आला, इस्त्रीच्या जॅकेटांत.
मी गोळ्याकडे बघत होते, हातानं आपापलं लिहिलं,
त्यांच्या खात्यात एक.
त्यांचा कप्तान फळा बघून हरखला. केनेथ लालबुंद.
एका फेरीत नऊ? कुठल्या जगात?
मी वळून बघितलं.
डोक्याला गोल गाठ, शेपूट झोकात खाली सोडलेली,
देवरुखच्या शाळेत ओल्या पाटीवर
कुलकर्णीबाईंनी शंभरदा गिरवून घेतलेला
माझा एक.
इथे त्याला नऊ म्हणतात.

पुसला. लेलंडवाले म्हणाले, राहू द्या हो.
आम्ही सातनं हरलो.
डोरीन चहा ओतता ओतता म्हणाली,
पुढच्या वेळी तो तुझा एक आपल्या बाजूला लिही.

तेव्हापासून केनेथ बिअरच्या पुठ्ठ्यावर आकडे गिरवतो.
त्याचा सात बरा, पाच लंगडा,
आठ काढताना जीभ बाहेर येते.
परवा त्यानं फाटकावर हिरव्या रंगात
स्वतःच्या घराचा नंबर काढला: एक.
पोस्टमन नवा आहे.
केनेथची पत्रं आता नऊ नंबरात पडतात,
आणि नऊ नंबरातली ब्रेन्डा
ती रोज दुपारी आणून देते,
लिपस्टिक लावून.

केनेथची काही तक्रार नाही.
यावर माझं मत आहे, चौदावं.
ते अजून डोरीनलाही सांगितलेलं नाही.