दात वगळून

हिद्दच्या क्लिनिकात दोन नंबरची खिडकी माझी.
काचेला खाली अर्धगोल भोक आहे.
त्यातून कार्ड आत येतं, माणूस बाहेर राहतो.

लतीफ मुकादम, वय एकेचाळीस,
ड्रायडॉकवर वेल्डर.
कार्डावरच्या फोटोत दोन्ही गाल सारखे,
आज डावा पावासारखा फुगलाय.
"दाढ है, मॅडम," म्हणाला
आणि मग माझ्या छातीवरची पट्टी वाचत
अक्षर-अक्षर जुळवत थांबला.
वृंदा साळगावकर.
"तुमी खयच्या?"

मी म्हटलं वेंगुर्ला. तो म्हणाला दाभोळ.
रिफायनरीचा वास, एसीची घरघर,
मागे टोकन धरून बसलेले बारा जण,
सगळं जरा लांब गेलं.

मग मी पॉलिसी उघडली.

पॉलिसीतल्या माणसाला ताप येऊ शकतो.
त्याचा पाय मोडू शकतो, पण जिन्यावर.
कामावर मोडला तर ते खातं वेगळं, इमारत वेगळी.
त्याला डोळे आहेत, चष्मा नाही.
साखर असेल तर ती इथे आल्यावर लागलेली हवी,
गावाहून आणलेली चालत नाही.
आणि दात त्याला नाहीतच.
कलम अकरा : दात वगळून.

हे मी हिंदीत सांगते, मल्याळममध्ये सांगते,
अरबीत, बंगालीत, तगालोगमध्येसुद्धा,
मान किती कलती करायची ते धरून पाठ आहे.
मराठीत सांगायची वेळ आली नव्हती.

शब्द शोधला तर आईचा सापडला.
थोरल्या बहिणीसाठी मालवणहून स्थळ आलं होतं,
मुलगा चांगला, नोकरी बंदरावर,
आईनं पत्रिका परत पाकिटात घातली आणि म्हणाली,
आपल्यात बसत नाही.
मी काचेच्या भोकाशी वाकून
तसंच म्हटलं, त्याच आवाजात :
दात ह्यात बसत नाही, मुकादम.

त्यानं दाताच्या कण्या केल्या नाहीत.
बाहेर काढायला किती, एवढंच विचारलं.
मी आकडा उलट्या पावतीवर लिहून दाखवला.
तो ओठ हलवत रुपये करत बसला,
मग रुपयांचे महिने.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
इथे एका अख्ख्या कंपनीचं भरतं.

पान बत्तीस मी कुणाला वाचून दाखवत नाही.
मृतदेह मायदेशी पोचवणे : संपूर्ण खर्च.
पेटी, बर्फ, विमान, कागद,
घराजवळच्या विमानतळापर्यंत.
तिथे दातांचा वेगळा उल्लेख नाही,
म्हणजे बत्तीसच्या बत्तीस जातात
आणि कुणी मोजत नाही.

मी थर्मामीटर बाहेर सरकवलं.
अडतीस पूर्णांक चार.
रकान्यात लिहिलं : ताप. कारण : तपासात.
डॉक्टर बीनामोल यांनी सुजलेल्या गालाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं,
आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. तापासाठी.

"जूनमध्ये सुट्टी आहे," तो जाताना म्हणाला,
"चिपळूणला तीनशेत उपटतात."
फेब्रुवारी चाललाय.
पावती त्यानं मोबाइलच्या कव्हरात घातली,
तिथे आधीच एका मुलीचा फोटो होता,
पुढचे दोन दात पडलेल्या.

खिशातून काढल्यासारखं करत मी त्याला
चार लवंगा दिल्या. खरं तर
त्या डब्यातल्या भातातून वेचून धुतलेल्या होत्या.
त्यानं एक लगेच दाढेत धरली
आणि माझ्या कार्डाकडे बोट केलं,
गळ्यात लटकणाऱ्या, निळ्या फितीच्या.
"तुमचं कुठल्या कंपनीचं?"

तीच, म्हटलं.
तो हसला, अर्ध्याच तोंडानं.

तो गेल्यावर माझी जीभ
उजवीकडे, अगदी मागे,
खड्ड्याची कड चाचपून आली.
मागच्या वर्षीपेक्षा जरा मोठा झालाय.