खाली जागा ठेव

औसा रोडवरचं हॉटेल बंद पडलं
तेव्हा त्यांची सहा फुटी टाकी मी उचलली, चार हजारांत.
सहाशे ऐंशी लिटर.
कालिंदीनं आकडा ऐकला, ओट्याखालच्या घागरींकडे पाहिलं,
नळ आठव्या दिवशी येतो, म्हणाली, ठाऊक आहे ना?
ठाऊक होतं.
ज्या लातुरात पाणी रेल्वेनं आलं होतं
तिथं मी पाणी पाळायला निघालो होतो.

मोईनच्या दुकानात,
काठाला लटकणारा एक, वाटीएवढ्या पोटाचा.
स्पंजाचा एक, बुडबुड्यांचा, पिल्लांपुरता.
आणि काळा कॅनिस्टर, बंद झाकणाचा, स्टुलाएवढा,
किंमत माझ्या अर्ध्या पगाराची.
ताशी दोन हजार लिटर, मोईन म्हणाला, आवाज शून्य.
आणि लाईट गेल्यावर?
त्यानं वर पंख्याकडे पाहिलं.
पंखा तेव्हाही बंदच होता.

फिल्टर मला कळतात, असं मी समजत होतो.
डायलिसिसला आहे मी. चार मशीन, तीन पाळ्या,
केसाहून बारीक नळ्यांच्या जुडग्यातून
रक्त धुऊन परत देणं, हेच काम.

तीन नंबरच्या खुर्चीवर मंगळवार-शुक्रवार
मन्मथअप्पा बिडवे, पाणीपुरवठ्यातले जुने फिटर.
त्यांच्या फिस्टुलावर बोट ठेवलं
की मोटार चालू असलेल्या पाइपासारखा हात थरथरतो.
मोबाईलमधला कॅनिस्टर त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"बंद डब्यात कशाला पैसे घालायलास?
घाण खाणारे बारके जीव असतेत त्यात,
लाईट गेली की गुदमरून मरतेत.
खाली दुसरी टाकी ठेव. उघडी.
एका कप्प्यात कापूस, एकात खापरं, शेवटी मोटार.
अन् वर जाणाऱ्या पाइपाला भोक पाड, पाण्याच्या जरा खाली,
हवा शिरली की पाणी थांबतंय.
तरी वरचं थोडं खाली येणारच.
खाली जागा ठेव.
काठोकाठ भरतो त्यो फिटर न्हवं."

उजवा हात मशीनला बांधलेला,
म्हणून डाव्या हातानं, वाकडीतिकडी,
त्यांनी ती टाकी काढली स्वतःच्याच तक्त्यामागं.
कागद उलटला. पुढच्या बाजूला माझ्याच अक्षरात:
दिवसाला पाणी, सातशे मिली.

खापरं कुंभाराकडून आणली, फुटक्या माठांची.
पाणी आमच्याच आरओचं,
मशीनला नको असलेलं, रोज गटारात जाणारं, जड.
साहेबांना विचारून स्कूटरवर दोन कॅन,
अठरा दिवस.
गल्लीत कुणी विचारलंच, तर सांगायचो दवाखान्याचं आहे.
लोक मग पुढे काही विचारत नसत.

पहिल्यांदा लाईट गेली रात्री दोनला.
मी बॅटरी घेऊन जमिनीवर बसलो.
वरून पाणी येत राहिलं, येत राहिलं,
कालिंदी दारात उभी, हातात फरशीचं फडकं,
आणि पाइपानं एक घोट हवा घेतली, मोठ्यानं,
पाणी थांबलं.
काठाखाली दोन बोटं.
ती फडकं तिथंच टाकून झोपायला गेली.

मासे मात्र नव्हते अजून.
पाच आठवडे नुसतं पाणी फिरत होतं,
रोज परीक्षानळीत थेंब: हिरवा, हिरवा, हिरवट.
खापरांत जीव धरायला वेळ लागतो.
अप्पा सुई टोचून घेताना विचारायचे, सोडले का?
नाही अजून.
मग ते छताकडे बघायचे.

काल थेंब पिवळा आला.
आज शुक्रवार. मोबाईल त्यांच्यापुढे धरला,
सहा सिक्लिड, अजून घाबरलेले, कोपऱ्यात.
माशांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही.
कोरड्या ओठांवरून ओला कापूस फिरवला,
आणि म्हणाले,
पडणाऱ्या पाण्याचा आवाज
जरा वाढव की.