हरताळ

बेचाळीसच्या भाद्रपदात
रेवाप्पा शेट्यांच्या पेढीनं हरताळ पाळला.
आम्ही सोळा जणी, हळद निवडणाऱ्या,
दारात उभ्या, पदराला नखं पुसत.
मुनीम म्हणाला, आज काम नाही, आज देश आहे.
गौराक्कानं विचारलं, मग देशाची हजेरी धरणार का?
तो हसला. वही मिटली.

हरिपूरच्या पेवांत तेव्हा शेटची चारशे पोती.
पेवातली हळद मुकाट बसते,
कीड नाही, घट नाही,
वर माती, मातीवर गाढवं चरतात.
सरकार भाव बांधणार अशी कुणकुण आली
तसा शेटनं माल भूमिगत केला,
आणि आठ दिवसांनी त्याच रांगेतल्या रिकाम्या पेवात
कुंडलकडचा एक पोरगा.

पेवात आधी कंदील सोडायचा,
विझला तर माणूस सोडायचा नाही, असा नियम.
त्या रात्री उजेड नको होता.
म्हणून कंदिलाच्या जागी हणमा वडराला सोडला.
तो खालून खोकला.
मग पोरगा उतरला.

खोटं काहीच नव्हतं.
पोरगा पुढं गोळीनं गेला तेव्हा
शेट दोन दिवस जेवले नाहीत, मी पाहिलंय.
विलायती कापडाची होळी त्यांनी स्वतःच्या हातानं पेटवली,
कापड समोरच्या दुकानातलं होतं, तेही पाहिलंय.

आणि मी तरी काय फुकट गेले होते मोर्चात?
कुणीतरी बोललं होतं, गोरा गेला की
पोत्यामागं दोन पैसे वाढतील.
त्या दोन पैशांसाठी मी वंदे मातरम् म्हटलं.
म्हणता म्हणता घसा खरंच भरून आला
त्याचं काय करू?

झेंडा चढला त्या दिवशी
शेटच्या हातून आम्हाला एकेक पेढा.
दिवाळीनंतर पेव फोडलं. हळद सोन्यासारखी,
भाव तिप्पट.
पोत्याचा दर तोच.
हणमाचा खोकलाही तोच.

मुनीम सांगायचा, जुन्या पोथीत चूक झाली
की अक्षरावर हरताळ फासायचे,
पिवळाधम्मक, आपल्या हळदीसारखा.
खाली काय होतं ते मग वाचता येत नाही.

त्या वर्षीच्या पगाराच्या वहीत
त्यानं माझा अंगठा धरला.
शाईची डबी उघडायच्या आधीच
कागदावर उमटला होता.