बोट ठेवण्याआधी

आन्तानानारिवोत जुलैच्या सकाळी इंजिनंही खोकतात.
सोलोफोची टॅक्सी, दुधाळ रंगाची जुनी रेनो फोर,
चढावरच्या दगडी फरशीवर उभी,
चाकाखाली वीट, आणि बॉनेट थरथरतंय
पाण्यातून काढलेल्या पोराच्या हनुवटीसारखं.

पळताना बरी असते, तो सांगतो.
थांबली की उचक्या.
चौकात पोलिसाने हात केला तरी मी पाय उचलत नाही.
उचलला की मेलीच,
आणि मग ढकलायला उतरायचं कुणी?
मागे चार माणसं आणि एक कोंबडी.

रालायवाओ गावी गेला होता,
वडिलांच्या अस्थींना नवं रेशीम गुंडाळायला.
तीन दिवस गॅरेज माझं होतं:
पत्रा, लोखंडी पेटी, युकॅलिप्टसला टांगलेली कप्पी.

मी प्लग काढले. काजळी खरवडली.
पॉइंटच्या फटीत पोस्टकार्डाचा कपटा घालून पाहिला.
कंडेन्सर बदलला, कारण तो बदलायला सोपा.
इसोत्रीच्या बाजारातून जेट आणला,
सोलोफोच्या दोन दिवसांच्या कमाईचा.
पैसे देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मिश्रणाचा स्क्रू.
पाव वळसा.
अजून पाव.
उचकी दबली, धूर काळा झाला,
मी हात पुसत म्हणालो, झाली.
आजार म्हशीला, औषध पखालीला.

दुसऱ्या दिवशी तो परत.
पायाशी पेट्रोलची बाटली, त्याची तीच टाकी,
दोन फेऱ्यांत कोरडी.

रालायवाओने पेटी उघडली नाही.
चालू कर, म्हणाला, आणि उभा राहिला.
कितीतरी वेळ नुसता उभा.
मग प्लगच्या तारा एकेक करून उपटल्या, परत लावल्या.
पहिली: इंजिन अडखळलं.
दुसरी: तेवढंच.
तिसरी, चौथी: तेवढंच.
चौघांनाही सारखंच लागतंय, तो म्हणाला,
म्हणजे खोट एकाची नाही.
सगळे जिथून श्वास घेतात तिथे बघ.

मग माझा स्क्रू.
आत बसवला, मोजून दीड वळसा बाहेर.
तीन दिवसांचं काम
दोन सेकंदांत पुसलं.
उचकी परत आली, पहिल्यापेक्षा मोठी,
आणि तो हसला:
आता खरं बोलतेय.

रबरी नळीचं एक टोक कानात घातलं,
दुसरं फिरवत राहिला कार्बुरेटरभोवती.
वरून. बाजूने. गॅस्केटच्या कडेने.
माझी बोटं गारठली होती.
सोलोफो मनात भाड्याचा हिशेब करत होता,
ओठ हलत होते.

बुडाशी, मागच्या अंगाला,
चण्याएवढी एक रबरी टोपी.
वरून धड.
खालून चिरलेली, जुन्या टाचेसारखी.

त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

इंजिन गप्प झालं. गप्प नाही, सरळ झालं.
बॉनेटवरचा पाना वाजायचा थांबला
तेव्हा कळलं, तो इतका वेळ वाजत होता.

तू ठेव, म्हणाला.
मी ठेवलं.
आत कुणीतरी कातडी ओढत होतं,
हळू, न सोडता,
तान्ह्या तोंडासारखं.
बोट उचललं: उचकी.
ठेवलं: सरळ.
मी चार वेळा करून पाहिलं. त्याने करू दिलं.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर तांब्याची तार.
तार आवळताना त्याचे हात घाईत नव्हते,
गावाहून ते तसेच आले असावेत.

किती?
ट्यूबचे काय घ्यायचे, रालायवाओ म्हणाला.
आणि जेटचे?
तो माझ्याकडे बघत राहिला.
दर शनिवारी थोडे थोडे, मी म्हणालो.

सोलोफोने वीट काढली.
इंजिन गुरगुरत होतं,
तव्यावरच्या तुपासारखं, एकसंध.
वळणापाशी उतार लागला,
आणि पेट्रोल वाचवायला
त्याने ते सवयीने बंद केलं.