बसकरपट्टीचं शेवटचं टोक

केंद्रप्रमुखांनी पाठवलेला तक्ता मांडीवर घेऊन
मी तिसरीच्या वर्गात मागं बसले.
चौदा रकाने. पूर्वतयारी, फळ्याचा वापर,
विद्यार्थी सहभाग, आणि तळाशी
दोन ओळींची जागा: मुख्याध्यापकांचा शेरा.
खुर्ची आणू का, मुटकुळे सरांनी विचारलं.
नको म्हणाले. गुडघे कुरकुरले, पण टेकले
ममता आडे आणि मोईनच्या मधे,
जिथं पट्टीचे दोरे सुटलेत.

आठ महिने झाले सरांना.
जिंतूरहून नऊच्या जीपला लटकून येतात,
हातात छडी नाही, आवाज खणखणीत.
पण बावन्नातून सत्तावीस वजा करताना
दशकाकडून एक उसना घेतला
की माझ्याकडं बघायचे,
बरोबर आहे ना, असं.
मी मान हलवली नाही.
हलवायला हवी होती का,
हे अजून ठरत नाही माझं.

रकाना सहावा, मुलांचं लक्ष.
मोईन फळ्याकडं बघतच नव्हता.
तो ममताच्या वहीत, ममता सोनालीच्या,
सोनाली गुडघ्यावर उठून
कुणाच्या तरी खांद्यावरून.
मी पेन टेकवलं.
'लक्ष कमी' लिहायला दोन शब्द पुरतात.
याच वर्गाबद्दल नऊ वर्षं लिहीत आले मी,
माझ्याआधीच्या बाईंनीही, तिरप्या अक्षरात.

"दिसतंय का रे?"
"नाय बाई. तिकडं निस्तं चकाकतंय."

मी मान वाकवली त्याच्या उंचीपर्यंत.
उजव्या खिडकीतलं अकराचं ऊन
फळ्यावर सांडलेलं,
एककाचं घर सगळं पांढरं.
दशकाचा पाच तेवढा दिसत होता,
त्याच्या डोक्यावर काट मारलेली.
त्याचा एक कुणी नेला, कुणासाठी नेला,
मागच्या पट्टीला पत्ताच नाही.

मग ममता मोईनच्या कानाला लागली,
गोरमाटीत काहीतरी बोलली,
बोटांनी शेजारचं दार वाजवल्यासारखं केलं,
ओंजळ पुढं केली, भरून परत आणली.
मोईननं पंचवीस लिहिलं.
मला शब्द कळला नाही एकही.
तक्त्यात याला रकाना नव्हता.

सुट्टीत सरांना कार्यालयात बोलावलं नाही.
म्हटलं, या, बसा इथं, माझ्या जागेवर.
बसले. वाकले. डोळे बारीक केले.
"आयला," म्हणाले, आणि जीभ चावली.
गयाबाईंनी खिचडीच्या तांदळाचं रिकामं पोतं दिलं,
दोन खिळे मिळाले, तिसरा मिळाला नाही.
पोतं एका कोपऱ्यानं लोंबतंय अजून,
वारा आला की फळ्यावर ऊन ये-जा करतं.

केंद्रप्रमुख फोनवर विचारत होते,
सहाव्याला किती गुण दिलेत?
रेंज नाही म्हणाले मी.
रेंज होती.

गुरुवारी माझा तास, सातचा पाढा.
तक्ता सरांच्या मांडीवर,
सर ममता आणि मोईनच्या मधे.
हात थरथरतो हे मला माहीत नव्हतं,
सात साते काढताना खडू मोडला.
तास संपल्यावर कागद पाहिला.
'मॅडम उत्तर फार लवकर सांगून टाकतात'
असं लिहून त्यांनी खोडलं होतं,
खोडलेलं नीट वाचता येत होतं.

खोडू नका, म्हटलं.
दुसरा कागद घ्या, परत लिहा.