बाकी विशेष नाही

चौतीस वर्षं, रोज संध्याकाळी सातला
माझ्या टेबलावरच्या रेडिओतून
आधी वारा यायचा, मग अन्सेल्मो कायुपान.
"चौकी लागुना मुदा. वारा पश्चिमेचा.
नदी तीन वीत. हुएमुल हरणं दोन, एक गाभण.
बाकी विशेष नाही."

मोजपट्टी पहिल्याच पुरात वाहून गेलेली.
नवीन मागवली होती, फाइल अजून राजधानीत आहे.
तोवर तो नदी स्वतःच्या हाताने मोजायचा,
आणि मी वहीत 'वीत' असंच लिहायचे,
सेंटिमीटरच्या रकान्यात.

माणूस म्हणून आम्ही भेटलो असू वीसेक वेळा.
पीठ, मीठ, मातेची पुडी घ्यायला तो खाली उतरायचा,
टोपी हातात धरून दारातच उभा राहायचा.
आवाजाच्या मानाने बुटका निघाला,
हे मला पहिल्यांदा पटलंच नव्हतं.

एका जानेवारीत डोंगर पेटला.
तीन संध्याकाळी सात वाजले आणि नुसती खरखर.
चौथ्या दिवशी म्हणाला,
"चौकी लागुना मुदा. म्हणजे, चौकी नाही आता.
मी घोडीजवळ आहे. घोडी जिवंत.
लेंगाची झाडं मोजलेली नाहीत.
नदी एक वीत.
बाकी विशेष नाही."
मी पेन खाली ठेवलं, आणि मग परत उचललं.

ओतिलिया गेली ती जुलैत.
तो खाली आला, तिला पुरलं,
तिसऱ्या दिवशी कमरेएवढ्या बर्फातून वर गेला.
सातला बोलला: "नदी गोठली. कोल्हा एक,
जळणाच्या ढिगाशी." आणि बटण सोडायला विसरला.
मला शेगडी ऐकू आली.
फळीवर दोन कप ठेवल्याचा आवाज,
मग एक उचलून परत खुंटीला अडकवल्याचा.
मग बटण सुटलं.
शेवटचं वाक्य त्या दिवशी त्याने म्हटलंच नाही.
मीच लिहिलं ते, त्याच्या वतीने.
नोंदवहीत माझी एवढी एकच लबाडी.

आज अंगणात अख्खं कोकरू भाजलं.
शिगेपाशी उभा होता रामिरो,
विसाव्या वर्षी हरणाच्या मागावर असताना
अन्सेल्मोने ज्याची बंदूक काढून घेतली
आणि बर्फ होतं म्हणून दोन रात्री घरात झोपवलं, तोच.
आता मीठ किती, हे तो कोणालाच विचारत नाही.

राजधानीहून आलेल्या साहेबांनी भाषण केलं.
पितळी पाटीवर कायुपानचं कायुमान झालेलं.
त्याने पाटी बोटाने वाचली,
बरी आहे म्हणाला, काखेत घेतली.

मग किल्ल्यांचा जुडगा.
कारकुनाने एकेक मोजून घेतली.
"ही कशाची?"
"जुन्या चौकीची."
"ती तर जळली."
"हो."
"मग राहू द्या की तुमच्याकडे, आठवण म्हणून."
"नको," तो म्हणाला, "यादीत आहे."

दुसऱ्या दिवशी सातला नवी मुलगी बोलली, यामिला.
खूप बोलली. कंडोरचं पिल्लू, ढगांचा रंग,
पायाला आलेले फोड.
नदी तिने सेंटिमीटरमध्ये सांगितली,
पट्टी अखेर आली आहे.
मी सगळं लिहिलं. चांगली आहे पोर.

सात वाजून दहा मिनिटांनी टेलिफोन.
आधी काहीच नाही. वारासुद्धा नाही,
गावातल्या घरांना खिडक्या घट्ट असतात.
"नेलिदा," तो म्हणाला.
माझं नाव त्याला माहीत आहे,
हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.
"नदी किती?"

मी वही समोर ओढली.
चोपन्न, असं लिहिलं होतं.
टेबलाच्या कडेवर मी माझी वीत ठेवून पाहिली,
त्याचा हात मोठा, हे मनात धरून
थोडी कमी केली.
"अडीच," मी म्हणाले.
"हं," तो म्हणाला.

आणि कोणीच फोन ठेवेना.